मज्जारज्जूतील गाठ : क्वीन स्क्वेअर ते परळ

१/ परळला केईएम रुग्णालय आणि टाटा मेमोरियल रुग्णालय ही हाकेच्या अंतरावर उभी आहेत. पायांतील बळ ओसरत चाललेले असंख्य रुग्ण आजवर या दोन दारांशी आले. मज्जारज्जूच्या गाठीवर शस्त्र किती खोल चालवावे, या प्रश्नाचा हा इतिहास. (थ्रेड)

२/ मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड. हातापायांची हालचाल, स्पर्श, मूत्राशयावरचा ताबा हे सारे त्यातूनच जाते. पोटातील गाठ काढताना शल्यविशारद भोवतालचा निरोगी भागही कापून घेतो. येथे मात्र तशी मुभा नाही.

३/ लंडन, ९ जून १८८७. क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात व्हिक्टर हॉर्स्लीने मज्जारज्जूवर दाब आणणारी गाठ प्रथमच यशस्वीपणे काढली. तिचे स्थान विल्यम गॉवर्सने केवळ लक्षणांवरून ठरवले होते. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ८ वर्षे होती! पाय लुळे पडलेला तो रुग्ण पुन्हा चालू लागला.

४/ पण ती गाठ रज्जूच्या बाहेर होती. रज्जूच्या आतील गाठ यशस्वीपणे काढण्याचा मान व्हिएन्नाच्या आयसेल्सबर्गकडे जातो (१९०७). न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल्सबर्गने १९११ च्या सुमारास युक्ती योजली : रज्जूला बारीक छेद द्यायचा, काही दिवस थांबायचे, गाठ आपोआप वर आली की दुसऱ्या शस्त्रक्रियेत काढायची.

५/ ज्या गाठीला स्वतःची सीमा असते, तिच्याबाबत ही युक्ती साधे. घातक गाठीला सीमाच नसते. ती निरोगी तंतूंमध्ये पाझरत जाते. गाठ पूर्ण काढावी तर पाय जातात. पाय राखावेत तर गाठ उरते. शंभर वर्षे शल्यविशारद याच पेचात आहेत.

६/ आता परळ. १९२६ मध्ये केईएम व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अध्यापक भारतीयच असावेत, ही देणगीदारांची अट होती. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल उघडले. तेथील प्रयोगशाळेची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती.

७/ विकृतिशास्त्राला येथे मोठे महत्त्व आहे. गाठ एपेंडायमोमा असेल, तर ती बहुधा रज्जूपासून अलग करता येते. उच्च श्रेणीचा ॲस्ट्रोसायटोमा असेल, तर तुकडा तपासणे, शक्य तेवढाच भाग काढणे आणि पुढे किरणोपचार, हाच मार्ग उरतो.

८/ भारतात मेंदू व मज्जारज्जूच्या शल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग प्रथम वेल्लोरला डॉ. जेकब चँडींनी उभारला (१९४९). मुंबईत ही शाखा रुजवणाऱ्यांत डॉ. राम गिंडे आणि केईएमचे डॉ. होमी दस्तूर ही नावे अग्रभागी येतात.

९/ मुंबईतील निदानाची अडचण लंडनहून वेगळी होती. गिरणगावच्या दाटीच्या चाळींत क्षयाचे ठाण होते. पाठ दुखते, पाय जड झाले, म्हणजे मणक्याचा क्षय, असा तर्क प्रथम होई आणि बहुधा तो खराही ठरे. रज्जूच्या आतील गाठ साध्या क्ष-किरण चित्रात सहसा दिसतच नाही. त्यासाठी रज्जूभोवती रंगद्रव्य सोडून चित्र घ्यावे लागे. ही पद्धत सिकार आणि फोरेस्तिए यांनी १९२१ च्या सुमारास पॅरिसमध्ये आणली.

१०/ पुढे साधने बदलली. शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आला, गाठ फोडून शोषून घेणारे स्वनातीत यंत्र आले, एमआरआय आला. शस्त्रक्रिया चालू असतानाच रज्जूतील विद्युत्संदेश तपासता येऊ लागले; ते क्षीण झाले की हात थांबवायचा.

११/ प्रत्यक्षात मणक्यांत आढळणारा कर्करोग बहुतेकदा स्तन, फुप्फुस, पुरःस्थ ग्रंथी अशा अन्य अवयवांतून आलेला असतो. यात शस्त्रक्रियेने काय साधते? २००५ मध्ये अमेरिकेतील पॅचेल यांच्या चाचणीने उत्तर दिले. निवडक १०१ रुग्णांपैकी शस्त्रक्रिया व किरणोपचार दोन्ही लाभलेले ८४ टक्के चालू शकले. केवळ किरणोपचार घेतलेले ५७ टक्के.

१२/ घातक गाठ अजूनही बहुधा समूळ निघत नाही. मात्र एक गोष्ट पुनःपुन्हा सिद्ध झाली आहे : जो रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वी चालत असतो, त्याचे पाय वाचण्याची शक्यता सर्वाधिक. म्हणून रात्री वाढणारी पाठदुखी, पायांना येणारा जडपणा, लघवीवरचा सुटणारा ताबा यांकडे वय झाले म्हणून दुर्लक्ष करू नये. एमआरआयच्या युगातही निदानाची सुरुवात, गॉवर्सच्या काळाप्रमाणेच, रुग्णाचे म्हणणे नीट ऐकण्यापासून होते.