घसरण नक्की कोणाची?

मंडळी, 'पंचविशीनंतर डोकं उताराला लागतं' असं सांगणारा आलेख तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. वीस वर्षांच्या पोरांचे मार्क वर, साठीच्या लोकांचे खाली, मध्ये सरळ घसरगुंडी. मी एकोणतीस वर्षांचा, म्हणजे माझी घसरण सुरू होऊन चार वर्षं झाली की!

पण अशा आलेखांत एक मोठा बग लपलेला असतो. तो पकडण्यात एका माणसाने जवळजवळ सगळी कारकीर्द घातली. त्याचं नाव के. वॉर्नर शाई.

जन्म १९२८, जर्मनीतल्या श्टेटिनमध्ये. कुटुंब ज्यू. १९३९ मध्ये नाझींपासून जीव वाचवून सगळे थेट शांघायला पोचले. तिथे हा पोरगा छापखान्यात काम शिकला (आडनाव शाई, काम छापखान्यात.. योगायोग फक्त मराठीतच कळणार!). युद्धानंतर अमेरिका, १९५२ मध्ये बर्कलेची पदवी, आणि मग पीएचडीसाठी सिएटल.

१९५६ मध्ये प्रबंधासाठी त्याने सिएटलच्या एका आरोग्य-सहकारी संस्थेच्या सभासदांमधून ५०० जण निवडले. वय विशीपासून सत्तरीपर्यंत, दर पाच वर्षांच्या गटात २५ पुरुष आणि २५ बायका. सगळ्यांच्या शब्दार्थ, तर्क, आकडेमोड वगैरे चाचण्या घेतल्या. आलेख आला तो नेहमीचाच. घसरगुंडी.

आता आपल्या भाषेत बोलू. समजा, आज ऑफिसातल्या सगळ्या सर्व्हरचा वेग मोजला आणि जुने सर्व्हर हळू निघाले. ते जुने झाले म्हणून हळू झाले, की विकत घेतले तेव्हाच कमी ताकदीचे होते? एका दिवसाच्या मोजणीतून हे कळणं अशक्य. त्यासाठी त्याच सर्व्हरचा जुना लॉग लागतो. माणसांचंही तेच. चौथीत शाळा सुटलेली आजी आणि बी.ई. झालेली नात यांना एकच पेपर दिला आणि आजीला मार्क कमी पडले, तर तो दोष वयाचा की काळाचा?

शाईने हा लॉग ठेवायचं ठरवलं. १९६३ मध्ये तो परत त्याच लोकांकडे गेला. तीनशेच्या आसपास लोक सापडले, शिवाय सुमारे हजार नवे घेतले. आणि चित्र बदललं! तीच माणसं सात वर्षांनी मोजली तर बहुतेक क्षमता जवळपास जागेवरच होत्या. पहिल्या आलेखातली घसरण बऱ्याच अंशी पिढ्यांमधल्या फरकाची होती. वय, पिढी आणि मोजणीचा काळ या तीन गोष्टी वेगळ्या कशा काढायच्या, याची मांडणी त्याने १९६५ मध्ये केली.

मग दर सात वर्षांनी हाच उद्योग, २००५ पर्यंत आठ फेऱ्या, एकूण सुमारे ६००० माणसं. काय दिसलं? कामाचा वेग लवकर उतरतो, ते खरंच. पण बाकीच्या बहुतेक क्षमतांमध्ये सरासरी माणूस साठीपर्यंत टिकून असतो. एक्क्याऐंशीव्या वर्षीसुद्धा मागच्या सात वर्षांत ठळक घसरण झालेले लोक निम्म्याहून कमी होते. आणि 'नवी पिढी हुशार' म्हणून लगेच कॉलर ताठ करू नका. आकडेमोडीत १९२४ च्या आसपास जन्मलेले सगळ्यांत भारी, त्यानंतरचे खाली.

अर्थात शाईच्या पद्धतीतही खोट आहे. दर सात वर्षांनी परत येतात ते बहुधा धडधाकट लोक, आणि तीच चाचणी दिल्याने सरावही होतो. टिमथी साल्टहाउस यांनी २००९ मध्ये हाच मुद्दा धरून घसरण विशी-तिशीतच सुरू होते असं मांडलं, आणि शाईने त्याला उत्तर दिलं. म्हणजे स्नॅपशॉट फसवतो तसा लॉगही थोडा फसवतो. दोन्ही लागतात.

मला सगळ्यांत आवडलेला प्रयोग १९८६ चा. शाई आणि त्याची बायको शेरी विलिस (तीही संशोधकच) यांनी ६४ ते ९५ वयाच्या २२९ जणांना फक्त पाच तास शिकवलं. एकेक तासाच्या पाच बैठका. दोन तृतीयांश लोक ठळक सुधारले, आणि ज्यांची घसरण झाली होती त्यांतले सुमारे चाळीस टक्के चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीवर परत आले. पाच तासांत चौदा वर्षं! एवढा वेळ आपण एका ट्रेनिंगमध्ये जांभया देत घालवतो.

मला यातून वाटलं ते एवढंच. आईला मोबाइलवरून बिल भरायला शिकवताना मी दोनदा सांगून तिसऱ्यांदा चिडतो आणि मनात म्हणतो, 'वय झालं तिचं.' खरं तर तिला हे आयुष्यात कोणी शिकवलेलंच नसतं. तो फरक पिढीचा, आणि खापर मात्र वयाच्या डोक्यावर. टीममधल्या पंचेचाळिशीच्या माणसाला नवं काम न देता 'त्याला जमणार नाही' म्हणतो, तेव्हाही हाच बग.

असो. या शनिवारी पाच तास काढून बसणार आहे आईजवळ. न चिडता. बघू, कोणाची प्रगती जास्त होते ते!