माथेरानच्या इंजिनाची वळणारी चाके

पूर्वीच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्याची ओळख अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्याने ठरलेली असली, तरी ओढणारी चाके वळणावर घासू नयेत या प्रश्नाचे तेथील सर्वांत चतुर उत्तर डोंगरावर, १९०७ मध्ये खुल्या झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेत सापडते. रेल्वेच्या प्रत्येक जोडीतील दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. वळणावर बाहेरचा रूळ अधिक लांब भरत असल्याने एक चाक फरफटते, आणि आस वळला नाही तर चाकाची कड, म्हणजे रुळाच्या आतल्या बाजूस टेकणारी उंच धार, रूळ खरवडते. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यावरून ऑरेन्स्टाइन अँड कॉपेल या जर्मन कारखान्याने घडवलेल्या चार वाफेच्या इंजिनांत म्हणून क्लीन-लिंडनर रचना योजली गेली: टोकाच्या आसावर पोकळ आस चढवून दोहोंत गोलाकार सांधा ठेवल्याने चाके शक्ती घेत असतानाच वळणाकडे झुकत. देखभालीस ही रचना किचकट खरी, पण न झुकणाऱ्या आसांनी त्या डोंगरवाटेची वळणे निभावलीच नसती. पुढची चाके ओढणाऱ्या मोटारीत, जेथे तीच चाके वळतातही, हे काम पुढे स्थिरवेग सांध्याने, म्हणजे वळलेल्या चाकालाही एकसारखी फिरकी पोचवणाऱ्या जोडाने, केले. माथेरानच्या त्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.