मिनिटाला सोळा रुपये

मिस्ड कॉल ही आपली राष्ट्रीय कला, पण तिचं थोडं श्रेय लायसन्सलाही द्यायला हवं! १९९५ मध्ये मोबाईल आला तेव्हा सरकारने दर विभागात दोनच खाजगी कंपन्यांना परवाने दिले. मुंबईत बीपीएल आणि मॅक्सटच. दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात, आणि गंमत म्हणजे आलेला फोन उचलला तरी पैसे.

तंत्रज्ञान तेव्हा महाग होतं, असं आपण आयटीवाले पटकन म्हणतो. मला ते अर्धंच पटतं. १९९९ च्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घेणं सुरू केलं, पुढे नवे भिडू आले. २००२ मध्ये बीएसएनएल उतरली, २००३ मध्ये इनकमिंग फुकट! २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला, बाकीच्यांनाही तेच करावं लागलं. २०१६ मध्ये जिओ आलं आणि आपली चंगळ झाली. कंपन्या मात्र एकेक करून बुडाल्या, विकल्या गेल्या.

खाजगीत मोठ्या उरल्या तीन. जून २०२४ मध्ये जिओने दरवाढ जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी एअरटेल आणि व्होडाफोन आयडियानेही. संगनमतच हवं असं नाही हो, गल्लीत तीनच दुकानं असली की शेजाऱ्याची पाटी दिसतेच. बीएसएनएलने तेव्हा दर वाढवले नाहीत, तर काही महिने लोक नंबर पोर्ट करून तिकडे गेले.