येणारं पाणी दाखवायचं कसं?

मंडळी, समुद्र चढतो आहे हे लोकांना दाखवण्याच्या खटपटीलाही आता इतिहास झाला आहे. आज त्यातल्या दोन पायऱ्या पाहू, आणि मग मालवणला जाऊ.

२००७ साली न्यूयॉर्कमध्ये ईव्ह मोशर ही कलाकार फक्की टाकायचं यंत्र ढकलत रस्त्यावर उतरली. हो, मैदान आखतात तीच फक्की. समुद्रसपाटीपासून दहा फूट उंचीवरून जाणारी रेघ तिने ब्रुकलिन आणि मॅनहॅटनमधून काढली. सगळी मिळून सुमारे ७० मैल. समुद्र दहा फूट चढेल, असा तिचा दावा नव्हता. मोठ्या वादळात पाणी इथवर येऊ शकतं आणि समुद्र वाढत गेला तर अशी वेळ वारंवार येईल, एवढंच म्हणणं. लोक थांबून विचारायचे, बाई, हे काय? मग ती सांगायची. फक्की पावसात धुऊन जायची, पण ते बोलणं झालेलं असायचं.

२९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं आणि खालच्या मॅनहॅटनमध्ये, ब्रुकलिनच्या किनारी वस्त्यांत समुद्र शिरला.

दुसरी पायरी २०१८ ची, त्याच शहरातली. टाइम्स स्क्वेअरमध्ये उभं राहून फोन वर धरायचा. कॅमेऱ्यातून समोरचा चौक दिसतो, आणि त्यावर संगणकाने काढलेलं चित्र बसतं. यालाच ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. मेल चिन यांच्या ‘अनमूर्ड’मध्ये डोक्यावर जहाजांचे तळ तरंगताना दिसत. आपण समुद्राच्या तळाशी! ती कलाकृती आहे, भाकीत नव्हे. या शतकाच्या अंदाजांत त्या चौकावर जहाज तरंगायचं कारण नाही. पण बघणाऱ्याला ते कोण सांगणार?

आमची अडचण इथेच आहे. ‘दिसणं’ आणि ‘असणं’ यावरून आम्ही वर्गात पोरांची डोकी आयुष्यभर खाल्ली, त्यामुळे सवय जात नाही. नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन वेगळी प्रमाणं मानली. डोंगरावर धूर दिसतो. अग्नी दिसत नाही, तो आपण काढतो. २१०० सालचा समुद्र हा असा काढलेला अग्नी आहे. मोशरच्या रेघेपाशी उभ्या माणसाला ते कळत होतं, कारण रेघेचा अर्थ विचारावा लागत होता. पडदा मात्र अनुमानाला प्रत्यक्षाचे कपडे घालतो. विचारायचं काही उरतच नाही.

आता आकडे पाहा. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ मध्ये समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. म्हणजे जेमतेम एक वीत. शतकाअखेरचा अंदाज, उत्सर्जन किती यावर, साधारण पाऊण हात ते दोन हात. सिंधुदुर्ग किल्ला यात बुडत नाही! १६६४ ते १६६७ दरम्यान कुरटे बेटावर महाराजांनी बांधलेला तो तट फोनवर पाण्याखाली दाखवला, तर पोरं टाळ्या वाजवतील आणि ते खोटं असेल.

खरं काय आहे? उधाणाचं पाणी आजच्यापेक्षा वर, आणि अधिक वेळा, तटाला भिडेल. आणि आम्हाला जास्त काळजी आहे ती विहिरींची. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्यांच्याविना किल्ला लढता ना. तिथे आजही काही कुटुंबं राहतात. अशा लहान बेटांवर पावसाचं मुरलेलं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगत राहतं. समुद्र चढला, उपसा वाढला, की खारं पाणी आत सरकतं. विहीर तशीच दिसते, पाणी तेवढंच दिसतं. कॅमेऱ्याला यातलं काय टिपता येणार?

उद्या कोणी किल्ल्यावर असा खेळ रचलाच, तर आमची मागणी लहानशी आहे. तटावर पाण्याची एकच रेघ नको. कमी अंदाजाची एक आणि जास्त अंदाजाची एक, अशा दोन हव्यात. आणि दूधबावेपाशी आल्यावर फोन खिशात घालायला सांगा. पोहरा सोडा, पाणी चाखू द्या.