दोन पत्ते, एक पत्ता

'हातचलाखी म्हणजे काय?' असे वर्गात विचारले, तर बहुतेक मुले सांगतील की जादूगाराचा हात आपल्या नजरेपेक्षा वेगाने चालतो. हा समज चुकीचा आहे. तो चुकीचा असल्याचे प्रयोगांनी दिसून आले, त्यालाही शंभरावर वर्षे झाली. पत्त्यांच्या जादूतील एका अगदी प्राथमिक कृतीच्या आधारे हा इतिहास पाहू.

ही कृती अशी. जोडातील सर्वांत वरचा पत्ता उलटून दाखवायचा; प्रत्यक्षात मात्र वरचे दोन पत्ते काटेकोर जुळवून एकच असल्यासारखे उलटायचे. मुलांना बदामाची सत्ती दिसते. दोन्ही पत्ते पुन्हा पालथे घालायचे आणि वरचा एकच पत्ता काढून एखाद्या मुलाच्या हाती द्यायचा. तो सत्ती समजून घट्ट धरून बसतो आणि उघडून पाहतो तर इस्पिकचा गुलाम! जादूगार याला 'डबल लिफ्ट' म्हणतात. अठराव्या शतकातील इंग्रजी पुस्तकांतही ती सापडते.

आपल्याकडच्या जुन्या पत्त्यांवर ही कृती सहजासहजी बसली नसती, असे मला वाटते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. ती गोल, हाताने रंगवलेली असतात. गोल पानाला ना कोपरा, ना सरळ कड. दोन पाने बोटांनी चाचपून जुळवायची कशी? आपले मदारी वाट्या आणि गोळ्यांच्या खेळात तरबेज झाले. पत्त्यांची चलाखी मुख्यतः युरोपीय चौकोनी पत्त्यांबरोबर वाढली.

या चलाखीकडे विज्ञानाचे लक्ष गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पुढे बुद्धिमापनामुळे प्रसिद्ध झालेले फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी पॅरिसमधील जादूगारांना प्रयोगशाळेत बोलावले आणि त्यांच्या हातांची वेगवान क्रमाने छायाचित्रे घेतली. १८९४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुट्या चित्रांत सारी लबाडी उघडी पडत होती. म्हणजे डोळ्यांसमोर काही लपलेले नव्हतेच. पाहणारा ते पाहत असूनही त्याची नोंद घेत नव्हता. दोनच वर्षांनी अमेरिकेत जोसेफ जॅस्ट्रो यांनी हरमन आणि केलर या त्या काळच्या नामवंत जादूगारांच्या स्पर्शाच्या, हालचालींच्या चाचण्या घेतल्या. सामान्य माणसाहून फार विलक्षण असे त्यांच्या हातांत काही आढळले नाही.

मग दोन पत्ते दोन म्हणून दिसत का नाहीत? थोडे गणित करू. ५२ पत्त्यांच्या जोडाची जाडी साधारण १५ ते १६ मिलिमीटर भरते, म्हणजे एका पत्त्याची सुमारे ०.३ मिलिमीटर. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन ओळखता येतो. एक मीटर अंतरावर हा कोन ०.३ मिलिमीटरचा होतो, तीन मीटरवर जवळजवळ ०.९ मिलिमीटरचा. दोन पत्त्यांची मिळून जाडी ०.६ मिलिमीटर. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला ती ओळखता येणे कठीणच. जाडी फसवत नाही. फसवते ती घसरलेली कड आणि उलटण्याआधी क्षणभर अडखळलेला अंगठा.

या कृतीतील सुधारणा नेमकी इथेच झाली. अंगठ्याने ऐन वेळी दोन पत्ते मोजायला गेले की हात थांबतो आणि पाहणाऱ्याची नजर तिथेच जाते. म्हणून मोजणी आधीच, बोलता बोलता उरकायची आणि करंगळीच्या टोकाने दोन पत्त्यांखाली बारीकशी फट धरून ठेवायची. १९०२ साली शिकागोत एर्डनेस या टोपणनावाने एक पुस्तक निघाले. लेखक कोण, यावर आजही वाद आहे; पण पत्त्यांच्या हालचालींचे इतके काटेकोर वर्णन तोवर क्वचितच झाले असेल. ते लहानपणापासून घोटणारे कॅनडाचे डाय व्हर्नन (१८९४-१९९२) यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांचा आग्रह सहजतेचा होता: एक पत्ता तुम्ही एरवी जसा उलटता, दोन पत्तेही अगदी तसेच उलटा. त्यामुळे सराव दोन पत्त्यांचा नव्हे, आधी एका पत्त्याचा करावा लागतो. बरेच हौशी लोक नेमके हेच टाळतात.

हाताच्या कामाची अशी फोड वर्धा जिल्ह्यातील शिक्षकांना परकी वाटू नये. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. उद्योग यंत्रवत शिकवू नये, प्रत्येक क्रियेमागचे 'का' मुलाला कळले पाहिजे, हा गांधीजींचा आग्रह होता. टकळीवरचा धागा कुठे आणि का तुटला, हे पाहणारी नजर पत्त्यांनाही लागते.

प्रश्न फक्त करमणुकीचा नाही. १९८२ साली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली, १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती. त्यांच्या कार्यकर्त्यांनी आणि अनेक शिक्षकांनी चमत्कारांमागची हातचलाखी गावोगावी करून दाखवली. अशा वेळी शिक्षकाचा पत्ता घसरला, तर मुले हसतात आणि पुढचा तर्क उलटाच करतात: 'गुरुजींची लबाडी दिसली, बाबांची दिसली नाही, म्हणजे बाबांचे खरे!' कच्च्या हाताने केलेला प्रयोग बाबाच्याच पथ्यावर पडतो.

बिने यांचा प्रयोग आज मोबाइलवर होतो. एका मुलाला दीड मीटरवर उभे करून चित्रण करायला सांगा. तुम्ही दहा वेळा पत्ता उलटा, कधी खरोखरच एक, कधी दोन. प्रत्येक वेळी वर्गाने 'एक' की 'दोन' ते वहीत लिहावे. मग चित्रण थांबवत थांबवत दाखवा आणि उत्तरे ताडून पाहा. खरोखर एकच पत्ता उलटला असताना 'दोन' लिहिणारी मुले किती निघतात, ते आधी मोजा.