१४४ खिडक्यांचा व्हिडिओ गेम

आज जाऊया बर्लिनला, २००१ सालात. ॲलेक्झांडरप्लाट्झ चौकात 'हाउस डेस लेहरर्स' ही उंच इमारत तेव्हा रिकामी पडली होती. 'केऑस कम्प्युटर क्लब' ही हॅकर मंडळींची संघटना वीस वर्षांची होत होती. वाढदिवस कसा करायचा? स्वयंसेवकांनी वरच्या आठ मजल्यांवरच्या १४४ खिडक्यांना पांढरा रंग दिला, प्रत्येकीमागे एक दिवा लावला आणि सगळे दिवे कम्प्युटरला जोडले. एक खिडकी म्हणजे एक पिक्सेल. झालं 'ब्लिंकनलाइट्स' तयार!

मला खरी हुशारी पुढे दिसते. रिमोट त्यांनी स्वतःकडे ठेवलाच नाही. चौकातल्या कुणीही साध्या मोबाइलवरून कॉल लावायचा आणि बटणं दाबत इमारतीवर 'पाँग' खेळायचा. लोकांनी स्वतः बनवलेली ॲनिमेशन्सही त्यावर झळकली. ११ सप्टेंबर २००१ ते २३ फेब्रुवारी २००२, पाच महिने हा खेळ चालला.

आज आपल्या चौकाचौकांत एलईडीचे झगझगीत पडदे आहेत. पिक्सेल भरपूर, पण आपण फक्त बघायचं. काय दिसणार ते जाहिरात देणारा ठरवतो. तिथे पिक्सेल जेमतेम १४४, पण डाव तुमचा!

म्हणून कॉलेजच्या फेस्टमध्ये असं काही करणार असाल, तर दिवे किती हे नंतर मोजा. आधी ठरवा, बटण कुणाच्या हातात द्यायचं.