हवेचा हिशेब ठेवणारा काटा

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला किती हवा लागते? जवळपास ९ हजार लिटर. वजनात सांगायचं तर एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. मोटारगाडीचा इतिहास कोणी वेगाच्या अंगानं सांगतं, कोणी कारखानदारांच्या. मला आज तो या १४.७ च्या अंगानं सांगायचा आहे. त्याला कारणही आहे. तुर्भे-सानपाड्याकडच्या गॅरेजांमध्ये अलीकडे काही हौशी मंडळी डॅशबोर्डवर एक छोटं गोल मीटर बसवून घेताना मला दिसतात. त्याला वाइडबँड मीटर म्हणतात. इंजिनात हवा आणि पेट्रोल कोणत्या प्रमाणात जळतंय, ते हा काटा दाखवतो. रेसिंगवाल्यांचं खेळणं म्हणून त्याच्याकडे बघितलं जातं. पण जुनी गाडी बाळगणाऱ्या साध्या माणसालाही आज त्याचा उपयोग आहे, असं माझं मत झालं आहे.

आधी जुन्या काळाकडे जाऊ. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट निघाली, तीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूप ते हेच. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. या गाडीत हवा आणि पेट्रोल एकत्र करायचं काम कार्बोरेटर करायचा. कार्बोरेटर म्हणजे बारीक भोकांचा कारभार. भोकाचं माप ठरलेलं, त्याला जेट म्हणायचं. हवा वेगानं आत गेली की ती जेटमधून पेट्रोल ओढून घेते. किती ओढलं, हे दाखवणारं काहीही गाडीत नव्हतं. मिस्त्री प्लग काढायचे आणि रंग बघायचे. भाजलेल्या बिस्किटासारखा रंग असेल तर ठीक. काजळी धरली असेल तर मिक्श्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर लीन, म्हणजे हवा जास्त आणि इंजिन आतून तापतंय. बाकीचं काम नाक आणि कान करायचे. पनवेल सोडून बोरघाट चढू लागलं की हवा विरळ व्हायची, जेट मात्र तेवढाच राहायचा. मग खंडाळा येईपर्यंत पिकअप पडायचा. चांगल्या मिस्त्रीचा अंदाज फार चुकत नसे, हे मान्य केलंच पाहिजे. पण प्लगचा रंग काय झालं ते सांगतो, आत्ता काय होतंय ते सांगत नाही.

मी काही मोटारमिस्त्री नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात बॉयलरच्या उपकरणांची देखभाल करण्यात माझी नोकरी गेली. बॉयलरपुढेही प्रश्न हाच असतो. हवा कमी पडली तर काळा धूर, जास्त झाली तर फुकट तापवलेली हवा धुरांड्यातून बाहेर. जुने बॉयलर अटेंडंट धुराच्या रंगावर काम भागवत. आम्ही मात्र धुरांड्यात झिर्कोनियाचा प्रोब बसवत असू. उरलेला ऑक्सिजन तो मोजायचा. मोटारीतल्या सेन्सरच्या पोटातही हाच झिर्कोनिया आहे हे मला कळलं, तेव्हा या विषयाची गोडी लागली.

झिर्कोनियाची ही गोष्ट जर्मनीतल्या वाल्थर नेर्न्स्ट यांच्यापासून सुरू होते. १८९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी झिर्कोनिया असलेल्या चिनीमातीसारख्या कांडीचा विजेचा दिवा केला. गंमत अशी की ही कांडी थंड असताना वीज वाहू देत नसे. आधी ज्योतीवर तापवायची, मग दिवा लागायचा. टंगस्टनच्या तारेच्या दिव्यापुढे हा दिवा टिकला नाही, पण तापलेल्या झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन सरकतात ही गोष्ट टिकली. कांडीच्या एका बाजूला मोकळी हवा आणि दुसऱ्या बाजूला धूर ठेवला, की दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकाप्रमाणे थोडं व्होल्टेज तयार होतं. या गुणावर बॉश कंपनीनं मोटारीसाठी सेन्सर केला आणि १९७६ मध्ये व्होल्वोनं तो अमेरिकेसाठीच्या गाड्यांत बसवला. तिकडे धुराचे नियम कडक होत होते. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा तर मिक्श्चर बरोबर मापातच हवं. या मापाला ग्रीक अक्षरावरून लॅम्डा म्हणतात. लागते तेवढीच हवा असेल तर लॅम्डा १. हवा जास्त असेल तर एकाच्या वर, पेट्रोल जास्त असेल तर एकाच्या खाली.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि कायद्याच्या रेट्यानं आलं. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिशाविना पेट्रोल मिळू लागलं, कारण शिसं कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांनाही मारतं. १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. १९९८ ची सँट्रो फ्युएल इंजेक्शन घेऊनच आली होती. २००० नंतर हा सेन्सर सर्रास झाला.

पण तो जुना सेन्सर फक्त दोनच गोष्टी सांगतो, रिच किंवा लीन. किती, ते सांगत नाही. तागडीचं उदाहरण घ्या. कोणतं पारडं खाली गेलं एवढंच जुना सेन्सर सांगतो. नव्या वाइडबँड सेन्सरमध्ये आणखी एक कप्पा असतो. त्यात वीज सोडून ऑक्सिजन आत किंवा बाहेर ढकलला जातो, अगदी लॅम्डा १ होईपर्यंत. वाशीच्या मार्केटमधला व्यापारी पारडी समान होईपर्यंत वजनं टाकतो आणि मग वजनं मोजतो, तसंच. किती वीज लागली त्यावरून मिक्श्चर नेमकं किती चुकलं होतं ते कळतं. जपानच्या एनटीकेनं १९९२ मध्ये आणि बॉशनं १९९४ मध्ये असे सेन्सर आणले. आधी ते प्रयोगशाळांत आणि ठरावीक गाड्यांत होते, पुढे सामान्य माणसाला परवडतील अशी मीटरं निघाली.

आता १४.७ कडे परत येऊ, कारण खरा घोटाळा तिथेच आहे. हा आकडा निव्वळ पेट्रोलचा. आपल्या पंपावर मिळतं ते निव्वळ पेट्रोल नाही. २००१ मध्ये मिरज आणि मनमाड इथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे पहिले प्रयोग झाले. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं, जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर गेली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोचली. पंपावर इथेनॉलविना पेट्रोलही मिळावं अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. कोल्हापूर-सांगलीच्या उसाला यातून गिऱ्हाईक मिळालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉलच्या पोटात ऑक्सिजन आधीच असतो. एक किलो इथेनॉलला ९ किलो हवा पुरते. म्हणून २० टक्के मिश्रणाचं माप १४.७ नाही, ते १३.५ च्या आसपास येतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून कॉम्प्युटरकडून पेट्रोल वाढवून घेतो. कार्बोरेटरचा जेट बिचारा काही ओळखत नाही. त्याच भोकातून तेवढंच इंधन जातं आणि गाडी ७-८ टक्के लीन होते.

मीटर घेताना पहिली गोष्ट बघायची ती हीच. कोणतंही वाइडबँड मीटर मुळात लॅम्डा मोजतं आणि त्याला १४.७ नं गुणून आकडा दाखवतं. टाकीत काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. एखाद्यानं कुठेतरी १३.५ वाचलं आणि काटा १३.५ वर येईपर्यंत गाडी ट्यून केली, तर लॅम्डा ०.९२ होतो आणि विनाकारण पेट्रोल जळतं. म्हणून लॅम्डा दाखवण्याची सोय असलेलंच मीटर घ्यावं. सीएनजीवर तर मूळ माप १७ च्या आसपास असतं, तरी लॅम्डा १ तो १ च. आपल्याकडे एकच गाडी सकाळी सीएनजीवर आणि संध्याकाळी पेट्रोलवर धावते, तेव्हा दोन्हीला लागू पडणारी भाषा हीच एक. बीएस-४ च्या गाडीची पीयूसी काढतानाही लॅम्डाच बघतात, १ च्या वर-खाली ०.०३.

दुसरी गोष्ट सेन्सरची. बॉशचा ४.९ हा नंबर मला पसंत आहे. त्याच्या आधीचा ४.२ मोकळी हवा वायरच्या पोटातून घेतो. आपल्या पावसाळ्यात, तुंबलेल्या रस्त्यावर, ते मला पटत नाही. नकली सेन्सरही विकले जातात, तेव्हा फार स्वस्त मिळाला तर संशय घ्यावा.

बसवण्याचं काम मी जवळून पाहिलं ते आमच्या नेरूळच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या गाडीवर. १९९४ ची मारुती ८००, म्हणजे कन्व्हर्टर नाही, सेन्सर नाही, फक्त कार्बोरेटर. दोन वर्षांपासून गाडी तापायची, चढावर खडखडायची. "नव्या पेट्रोलनं बिघडली असेल तर काढून टाकते," बाई म्हणाल्या. "पण कशानं बिघडली ते कळू दे." तुर्भ्याच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॅटरी सोडवली, तिन्ही सिलिंडरचा धूर जिथे एकत्र येतो त्याच्या थोडं पुढे पाइपला भोक पाडलं आणि १८ मिलिमीटर आट्याची बोंडी वेल्ड केली. सेन्सर पाइपच्या वरच्या अंगाला, टोक खाली झुकलेलं ठेवून बसवला. सकाळी पाइपात साठलेलं पाणी आतल्या तापलेल्या झिर्कोनियावर गेलं तर त्याला तडा जातो. आत जवळपास ७८० अंश तापमान असतं. वीज इग्निशनच्या वायरवरून, वेगळ्या फ्यूजमधून घेतली आणि अर्थिंग थेट इंजिनाला दिलं. सेन्सर पाइपात असेल तर त्याला वीज मिळालीच पाहिजे, थंड सेन्सरवर काजळी बसून तो मरतो. नव्या गाडीत हे करणाऱ्यांनी मूळ सेन्सर आणि कन्व्हर्टरला हात लावायचा नाही. नवा सेन्सर कन्व्हर्टरच्या आधी, वेगळ्या जागी.

पहिल्याच फेरीत काटा १.२ दाखवू लागला. मिस्त्रींनी काट्यावर विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबर होतं. पाइपच्या जोडाला फट होती. बाहेरची हवा आत शिरली की सेन्सरला सगळं लीनच वाटतं. एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल तरी तसंच होतं, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. गॅस्केट बदलून आम्ही पाम बीच रस्त्यावर गेलो. ताशी ६० ला लॅम्डा १.०७. अॅक्सिलरेटर दाबल्यावर १.०२. ताकद लागते तेव्हा तो ०.९ च्या जवळपास हवा, नाहीतर वाल्व्ह भाजतात. तापण्याचं आणि खडखडाटाचं कारण सापडलं.

मेन जेट दोन नंबर मोठा टाकला. साध्या चालीला ०.९९, दाबल्यावर ०.९३. रबरी पेट्रोल पाइप कडक झाले होते, तेही बदलले. ते काही काटा सांगत नाही, हातानं दाबूनच बघावं लागतं. पीयूसी नव्यानं काढली. इतक्या जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतं, त्याच्या बऱ्याच आत आली. बाई गाडी घेऊन पनवेलला जाऊन आल्या. परत आल्यावर मिस्त्रींनी कोणी न सांगता प्लग काढून बघितला, मान डोलावली आणि परत लावला. मग सेन्सर काढून बोंडीत बोल्ट आवळला. मीटर त्यांनी स्वतःकडेच ठेवून घेतलं, पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे एक जुनी झेन यायची होती.